मूळ कारण

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून दीड मैलावर
आमचा काजूचा कारखाना.
भिंतीवर मीच आखून चिकटवलेला तक्ता:
वर मालक, मग मॅनेजर, मग मी, म्हणजे गुणवत्ता,
आणि सगळ्यांत तळाला
"प्रतवारी (महिला) – २२".
बावीस जणींना एक चौकट.
बाण सगळे वरून खाली.
खालून वर एखादा काढायला कागदावर जागा उरली नव्हती,
किंवा चहा आला असेल. आता आठवत नाही.

शेवंती तुळसकर त्या बावीसातली.
दोनशेचाळीस नंबरचा गर कुठला, तीनशेवीसचा कुठला,
काट्याआधी तिची बोटं सांगतात.
बोटांना राख, राखेखाली
काजूच्या तेलाने सोललेली, पुन्हा आलेली कातडी.
गर नखाने टोकरते, नाकाशी नेते,
आणि शेजारणीशी बोलता बोलता डावीकडे टाकते.
डावीकडचे खराब.
ह्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
त्या रकान्याला नाव काय देणार?

गणपतीच्या तोंडावर पुण्याहून चाळीस डबे परत.
शेरा एका शब्दाचा: कडवट.

पाच वेळा "का" विचारायची पद्धत
मी शिकून आलेलो, रत्नागिरीला,
दोन दिवस, नाश्त्यासह.
का कडवट? साल नीट सुटली नव्हती.
का? ड्रायर लवकर बंद केला.
का? टेम्पो चारऐवजी दोनलाच येऊन उभा.
का?
इथे पेन अडलं.
चौथं "का" जिना चढून वर निघालं होतं
आणि वर केबिनचा एसी घुमत होता.
फॉर्मवर जागा एकाच ओळीची. लिहिलं:
"कामगाराचे दुर्लक्ष. समज देण्यात आली."

समज द्यायला शेवंतीलाच बोलावलं.
ऐकून घेतलं तिनं. मग पदराची गाठ सोडली,
एक गर माझ्या फाइलवर ठेवला.
"त्याच दिसाचो हा. तेवाच दाखयलंय तुमका.
तुमी फोनार होतास."
दारापर्यंत गेली, वळली:
"खावन बघा."

खाल्ला.
आधी गोडसर, कुठल्याही काजूसारखा,
मग जिभेच्या अगदी मुळाशी
काहीतरी बसलं ते बसलंच.
संध्याकाळी जेटीवरच्या टपरीत
चहात साखर वाढवून घेतली, तरी.

फॉर्म पुण्याला गेला. तिकडून "समाधानकारक" आलं.
तक्ता अजून भिंतीवर आहे.
खाऱ्या हवेनं तळचा एक कोपरा सुटलाय,
बावीस जणींच्या चौकटीसकट
वर वळत चाललाय.
डिंकाची बाटली टेबलावरच असते.
अजून तरी मी चिकटवलेला नाही.