सुपडू

साक्रीच्या दवाखान्यात ठगूबाई ठेलारीणीनं
खांद्यावरून पोर उतरवलं.
"सात दिन व्हयनात, ताप उतरत नही."
नाव?
सुपडू.
आधीची दोन गेली, म्हणून याला जन्मताच
सुपात घालून उंबऱ्याबाहेर ओढलं होतं,
वरच्याला वाटावं केर आहे,
यात काय न्यायचं.

गोचिडीला हे कोणी सांगितलं नव्हतं.
कान नदीकाठी, कांदा निघालेल्या वावरात मेंढरं बसवलेली,
तिथं ती पुढचे दोन पाय उचलून श्वास हुंगत होती :
मेंढीचा, खंड्या कुत्र्याचा,
खंड्याच्या पोटाशी तोंड उघडं टाकून निजलेल्या पोराचा.

चावली म्हणू नये. चावणाऱ्याला घाई असते.
ही आधी जागा बधिर करते,
मग तोंड रोवून भोवती स्वतःचंच सिमेंट लिंपते
आणि बसते. दिवसचे दिवस.
रक्त ठेवून घेते, त्यातलं जास्तीचं पाणी
लाळेतून परत करते,
आठवडी बाजारातल्या चोख बाईसारखी, सुटे मोजून.
त्या सुट्यांतच जंतू.

तेही तिला आयतेच मिळालेले.
पिलू असताना कुठल्या घुशीच्या कानामागे प्यालेल्या रक्तातून,
नाहीतर त्याआधीच, अंड्यात, आईकडून.
तिनं कात टाकली, ते आत राहिले.
पोटातून लाळेच्या गाठीपर्यंत पोचले
आणि तिच्या उपाशी महिन्यांत
कणगीतल्या बियाण्यासारखे पडून राहिले,
ऊन रक्ताची वाट बघत.

सैंदाणे डॉक्टरांनी सुपडूचे तळहात उलटे केले, तळपाय पाहिले.
लाल ठिपके.
"कुत्रं आहे?" एवढंच विचारलं.
मी केसांत बोटं फिरवली.
कानामागे विडीनं डागल्यासारखी काळी खपली,
आणि दोन बोटं सोडून एक अजून बसलेली,
एरंडीच्या बीएवढी, अर्धी भरलेली.
ठगूबाईनं नख पुढे केलं, चिरडायला.
नको, म्हटलं,
आणि चिमट्यानं कातडीलगत धरून
सावकाश, सरळ वर ओढली.

औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी अंग निवालं,
पोरानं आधी खंड्याला विचारलं, मग भाकर.

बाटलीवर चिठ्ठी लावायची राहिली होती.
'सु' लिहिला तोच तिनं माझा हात धरला.
"त्यानं नाव नको लिखू."

खोडलं. सदतीस लिहिलं.
काचेआड ती अजून
पुढचे दोन पाय वर करून
माझा श्वास वाचत होती.