वाजवायचे दात

व्रान्ये गावात, बसस्थानकामागच्या गल्लीत
माझा दवाखाना आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही.
सेवदाइल चढून आला तेव्हा धापा टाकत नव्हता;
ट्रम्पेटवाल्याची फुप्फुसं. काखेत पेटी,
वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला.

"चौदाव्या वर्षी," म्हणाला, "घोडागाडी खड्ड्यात गेली
आणि ट्रम्पेट ओठांवरच होतं."
त्यानंतर चाळीस वर्षं
हसू मिशीखाली ठेवून दिलं.
आता शनिवारी लेकीचं लग्न, आणि लेकीची अट,
बाबा, फोटोत दात दिसले पाहिजेत.

रंग आधी जुळवावा लागतो, खिडकीच्या उजेडात,
दात ओला असतानाच. वाळला की तो खोटं बोलतो,
आहे त्याहून पांढरं.
नमुने एकेक धरून पाहिले,
हा फार तरुण, हा फार आजारी.
तंबाखू, तुर्की कॉफी, लग्नघरांतल्या पहाटा
एका रंगात मावत नव्हत्या
म्हणून दोन मिसळले.

मग निळी जेल, पंधरा सेकंद. पाण्याचा फवारा.
दाताचा काठ खडूसारखा खरखरीत झाला.
गुळगुळीताला काही चिकटत नाही,
आई हे माणसांबद्दल म्हणायची.

मग रेझिन. लोण्याहून घट्ट, मेणाहून मऊ,
आतला थर दाट, बाहेरचा दुधी काचेसारखा,
प्रत्येक थरावर निळा उजेड, वीस वीस सेकंद.
नारिंगी काचेमागून मी मोजत होते
आणि तो डोळे मिटून पायाने ताल धरत होता,
सातचा. माझे वीस दरवेळी चुकले.

घासलं, चकाकी दिली, काळा कागद चावायला दिला.
"टक टक करा. अजून एकदा."
आरसा हातात घेऊन तो बराच वेळ गप्प.
बाहेर बाकावरून बायको उठून आली,
नखाने जोड शोधू लागली. सापडेना.
"हा कोण?" म्हणाली, आणि लाजली.

मी हातमोजे काढत होते. तेवढ्यात त्याने पेटी उघडली.

फुंकलं. नुसती हवा.
पुन्हा फुंकलं. ओल्या पिशवीत कुणी खोकावं तसं.
खालचे सूर कसेबसे निघाले, पण वरचा तो एक,
ज्यावर वरातीतलं सगळं गाव हात वर करतं,
तो दाताच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला
आणि त्याला दार सापडेना.

दाखवायचे दात वेगळे, चावायचे वेगळे,
एवढं कॉलेजात न जाताही ठाऊक होतं.
वाजवायचे तिसरेच असतात
हे त्या दुपारी कळलं.

"काढा," तो म्हणाला.
"शनिवारनंतर," बायको म्हणाली.
"शनिवारीच तर वाजवायचंय."

मग मी आयुष्यात कधी न केलेलं काम केलं.
बारीक चकती लावून केसभर घासलं.
त्याने वाजवलं, मान हलवली. पुन्हा केसभर.
खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं मशीन थांबलं.
पाचव्यांदा, की सहाव्यांदा, खिडकीची काच थरथरली
आणि शिंपी खालून ओरडला,
"बास! आता हात लावू नका!"

उरली एक फट, नखाच्या कडेएवढी.
माहीत असेल त्यालाच दिसते.

पैसे किती, त्याने विचारलं. मला सुचेना,
भरण्याचे सांगू की उकरण्याचे?
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं तर त्यावरच भरतं, पण त्या दिवशी घेतले नाहीत.

ऑक्टोबरात चार बरण्या आल्या,
भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी,
आणि एका बरणीखाली दुमडलेला लग्नाचा फोटो.
नवरी हसतेय, व्याही हसताहेत,
शिंपीही कुठूनसा घुसलाय.
मधोमध सेवदाइल, गाल फुगलेले,
ओठांवर ट्रम्पेट.
दात एकही दिसत नाही.