दुसरी मोजणी

सहा वाजता दिवे लावले,
बास्केटबॉलच्या जाळीखाली खुर्च्या मांडल्या
आणि चार कोपऱ्यांत चार कागद चिकटवले:
हॅलोरन. वेस्टरगार्ड. प्रुएट.
चौथ्यावर लिहिलं, अजून ठरलं नाही.
माझं अक्षर किरटं आहे. कुणी काही म्हणालं नाही.

बाहेर उणे बावीस.
आयोवातला फेब्रुवारी बुटांना धरून आत आला
आणि गव्हर्नर कोण, सिनेटर कोण असलं काही न विचारता
माझ्या लाकडी जमिनीवर वितळत बसला.
कोण कुठे उभं आहे ते मला चेहऱ्याआधी
पाण्यावरून कळतं.
सत्तावीस वर्षं ही शाळा पुसतोय.

माणसं एकशे चोवीस.
पंधरा टक्के म्हणजे एकोणीस,
त्याखालचा कोपरा कोपराच धरत नाहीत.
हॅलोरन एक्कावन्न. वेस्टरगार्ड सत्तेचाळीस.
न ठरलेले आठ,
त्यात मी, मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून.
प्रुएटकडे अठरा.

मारिसेला ओरोस्कोने पुन्हा मोजलं,
दुकानदारासमोर तळहातावरची चिल्लर मोजावी तसं.
सतरा वर्षांची आहे,
नोव्हेंबरपर्यंत अठराची होईल, म्हणून आज चालते.
आई रात्रपाळीला, डुकरांच्या कारखान्यात.
गेला महिनाभर ही पोर दारोदार फिरली,
माझ्याही दारी आली होती.
मी म्हटलं होतं, बघू.

मग तो अर्धा तास.
पॅकिंगची टेप, स्टिकर, कॉफी, आर्जवं.
लोइस हॉगनने शेजाऱ्याला रुबार्ब पाय कबूल केला.
कुणी विम्याबद्दल बोललं, कुणी मुलाच्या फौजेतल्या नोकरीबद्दल.
कुणी म्हणालं, प्रुएट चांगलीच आहे गं,
पण चांगलं जिंकतं कुठे,
आणि हे म्हणताना स्वतःच्या बुटांकडे बघितलं.
म्हातारे डॉक्टर टेगलँड मधल्या रेषेवर
तळ्यात-मळ्यात करत राहिले.

प्रुएटच्या कोपऱ्यात डेल्मार कुचेरा.
समोर, हॅलोरनच्या गर्दीत, त्याची आर्डिस.
एकाच पिकअपमधून आलेली दोघं.
ती त्याला बोलावत नव्हती.
त्याचा कोट तिच्या हातावर होता, एवढंच.

तीन मिनिटं उरली तेव्हा मारिसेलाने माझ्याकडे पाहिलं.
काही मागितलं नाही.
मी मॉप भिंतीला टेकवला.
तिथून तिथे पंचवीस पावलं,
रोज पुसतो, मला माहीत आहे,
पण असा रिकाम्या हातांनी मी ती कधी चाललो नव्हतो.
"एकोणीस!" मी पोचायच्या आत ती ओरडली.

फ्री-थ्रोच्या रेषेवर डेल्मार मला आडवा आला,
तिकडून इकडे.
"गारठलोय रे, व्हर्लिन," म्हणाला,
आणि बायकोकडे चालत गेला.

पुन्हा मोजलं.
अठरा.

घड्याळ माझंच, शाळेचं. दोन मिनिटं पुढे असतं,
दुरुस्त करायचं राहून गेलं होतं.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर कोपरा सुटला,
लोकरीच्या टोप्याचा टाका सुटावा तसा.
अकरा वेस्टरगार्डकडे, चार हॅलोरनकडे,
दोघं थेट पार्किंगमध्ये.
मारिसेला कागदाखाली उभी राहिली,
आणि मी, कारण मला कुठे जायचं सुचेना.

रात्री टीव्हीवरचा माणूस म्हणाला,
प्रुएटचा पाठिंबा सरकला, दीड टक्क्याने.
मी तो सरकताना पाहिला होता.
त्याचा डावा गुडघा दुखतो.
बायकोने कोट पुढे केला
तेव्हा त्याने आधी चुकीची बाही धरली.

साडेदहाला जमीन पुसली.
प्रुएटच्या कोपऱ्यात एक स्टिकर लाकडाला धरून बसलेलं.
गरम पाणी टाकलं, पट्टीने खरवडलं,
नाव निघालं, डिंक राहिला.
सकाळी तिसरीतल्या पोरांचा चेंडू
तिथे आला की जरासा थबकायचा,
आणि मग ज्याच्या त्याच्या हातात जायचा.