पलाएस्त्रा, स्त्रीलिंगी

आबा अंथरुणाला खिळल्यापासून
रोज दिवेलागणीला विचारतात,
"आज कुठला शब्द धरलास गं?"
धरलास म्हणजे, लंगोटाचा काठ धरतात तसा.

मी लक्ष्मीपुरीतल्या रद्दीवाल्याकडून
किलोवर घेतलेला लॅटिन कोश उघडते.
मिशनच्या कुणा पाद्र्याचा असावा.
'प'पाशी वाळवीनं बोगदा खणलाय,
नेमका या शब्दाला वळसा घालून.

पलाएस्त्रा. स्त्रीलिंगी. ग्रीकांकडून उसना.
मुळात कुस्ती धरणे.
वेशीबाहेर 'इ' होता, आत येताना 'ए' झाला,
झटापट काय ती एवढीच.

पहिला अर्थ, कुस्तीची जागा.
"म्हंजे तालीम की!" उशीवरनं मान उचलतात आबा.
"माती कसली घालायची?"
कोशात माती नाही, तेल आहे.
अंगाला तेल, तेलावर धूळ,
जोड सुटली की काशाच्या वाकड्या पात्यानं
सगळं खरवडून काढायचं.
ती खरवड वैद्य विकत न्यायचे, सुजेवर लावायला.
"मग खरी हाय."
त्यांच्याकडेही बायका मुरगळलेली पोरं घेऊन यायच्या,
हौद्यातली मूठभर माती पदराला बांधून न्यायच्या.
उंबऱ्याबाहेरूनच.

"लंगोट कसला?"
नव्हताच, म्हटलं.
बराच वेळ तुळईकडे बघत राहिले.
"थंडी नसंल तिकडं."

दुसरा अर्थ, बोलण्याची मेहनत.
वाक्य कुठं पेलायचं, कुठं आपटायचं,
वक्त्यांनाही तोच शब्द, अंगातल्या डौलालाही.
हे समजावावं लागलं नाही.
आपल्यातही नाटकाची तालीम असतेच,
आणि पेठेत तर तालीम म्हणजे
गणपतीची वर्गणी, फुटबॉलच्या संघाची पट्ट्यांची जर्सी,
हरलेल्या रात्री फुटलेली कुणाची तरी काच.
कुठल्या तालमीचा, विचारलं
की जन्मात शड्डू न ठोकलेला माणूससुद्धा
छाती काढून गल्ली सांगतो.

तिसरा अर्थ मी वाचला नाही.
एका जुन्या विनोदी नाटकात
थट्टेनं भलत्याच घराला हा शब्द लावलाय,
जिथं दमून बाहेर येतात, पण जोर मारून नव्हे.
"थांबलीस का?"
वाळवी लागलीय, आबा.

रोमनांना तो नीट पचला नव्हता म्हणे.
परक्यांचं खूळ, पोरं बिघडतील, नाकं मुरडली.
तरी घेतला. तेलासकट.

"परत केला का?"
काय?
"शब्द. उसना म्हणालीस नव्हं?"
मी हसले, मग हिशेब करत बसले.
तालीम अरबांची. पैलवान इराणचा, कुस्तीही तिकडचीच,
वस्ताद तर दारातनंच ओळखू येतो.
सगळं ज्याचं त्याला देऊन टाकलं
तर या माणसाकडे उरतील
माती, लंगोट आणि दूध.
"झिजलं ते वापरून," आबा म्हणाले,
"आता कोण घेतंय माघारी."

पान मिटता मिटता पुन्हा त्या खुणेवर अडखळते.
स्त्रीलिंगी. ती तालीम.
शब्द बाई, आणि बाईला आत पाऊल नाही.
आठव्या वर्षी मी गंगावेशीतनं
धारोष्ण दुधाची चरवी आणायचे,
फेस बसायच्या आत पोचायचं,
हाक मारायची नाही, नुसती कडी वाजवायची.
एकदा आत कुणाची तरी पाठ पडली, थप्प,
आणि तांबडी माती उडून माझ्या पायावर आली.
दोन दिवस मी तो पाय धुतला नाही.

हे आबांना आज पहिल्यांदा सांगितलं.
त्यांनी डोळे मिटले.
"थप्प म्हणालीस? का धप्प?"
थप्प.
"मग नुसता खांदा टेकला आसंल.
चितपट न्हवं ती."