सिंकचा प्लंजर

मिलवॉकीतल्या पहिल्याच जानेवारीत, रात्री पावणेबाराला
कमोड तुंबला.
पाणी कडेपर्यंत चढलं आणि थांबलं,
माझ्याकडे बघत.

चार डॉलरचा लाल वाटीचा प्लंजर
नुसता फसफसला. दहा वेळा, वीस वेळा.
सपाता भिजल्या. बाहेर उणे एकोणीस.

खाली राहणारे घरमालक डोंब्रोव्स्की,
वय एक्क्याऐंशी, अंगात झोपायचे कपडे, डोक्याला लोकरी टोपी,
आपला काळा प्लंजर काखेत मारून
जिना चढले, पायरी पायरीला दम घेत.
माझा लाल बघून म्हणाले, हा सिंकचा.
ह्याला ओठ कुठाय?

मग काळ्याचा रबरी ओठ भोकात बसवला,
आतली हवा हळूच जाऊ दिली.
म्हणाले, सगळे ढकलत बसतात.
ढकलून आणखी घट्ट होतं.
ओढायचं असतं.

तीनदा ओढलं. काही नाही.
चौथ्यांदा घराच्या पोटात कुठेतरी
गुडगुडलं, आणि पाणी
भोवरा घेत गेलं, एकदम,
जणू चढलंच नव्हतं कधी.

मी चहा विचारला, एवढ्या रात्री.
ते चक्क हो म्हणाले.
आलं किसताना ध्यानात आलं,
नोव्हेंबरपासून या घरात
दुसरा कप मी विसळलाच नव्हता.

साखर तीन चमचे. मुलगा टक्सनला, फोन नाताळात.
एवढंच बोलणं झालं.

काळा प्लंजर ते विसरून गेले.
मी अजून परत केलेला नाही,
त्यांनीही मागितलेला नाही.
लाल आहे सिंकखाली.
सिंकला तो बरा चालतो.