अक्षरामागे चौदा रुपये

दिवाडीच्या कपेलाचं छप्पर नवं झालं
आणि देणगीदारांची नावं कोरायला मला बोलावलं.
अक्षरामागे चौदा रुपये, टिंबाचे वेगळे नाहीत.
नार्व्याच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट,
मांडीवर छिन्न्यांची पिशवी.
आमच्याकडच्या देवळांतही मीच कोरतो, पायऱ्यांवर;
तिथं लोक नावांवर पाय देऊन वर जातात.
इथं पाटी भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला.

यादी पाद्रीबाबांनी दिली,
मग यादीतली माणसं एकेक करून आली.
बेलार्मिनोला नावाआधी 'कॅप्टन' हवं होतं.
दोन बहिणींना एका ओळीत राहायचं नव्हतं.
एकानं रक्कम कोरायला सांगितली,
पाद्रीबाबा नको म्हणाले,
तर निदान शेजाऱ्याच्या वर घे म्हणाला
आणि माझ्या खिशात शंभराची नोट सरकवली.
मी घेतली. खोटं कशाला सांगू.

शेवटची ओळ होती: एक दाता.

रुफिना दुपारची पेज आणायची,
सोबत खारातली कैरी, भाजलेल्या बांगड्याचा तुकडा.
खाजनाच्या चिखलात राबलेले पाय उंबऱ्याबाहेर पुसायची.
तिसऱ्या दिवशी पाटीसमोर उभी राहिली, म्हणाली,
ही खालची ओळ काढ.

मी म्हटलं, बाय, तिच्यात तर नावच नाही.

म्हणूनच.
रविवारी सगळी विचारतील, कोण गे हा?
मी मागच्या बाकावर गप्प बसून ऐकेन
आणि मला गोड लागेल.
परवा रात्रीच लागलं. अंथरुणात उठून हसले मी.
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.
माझ्या डाव्याला पाटल्या काढतानाच कळलं,
दोनातली एक त्याचीच होती.

मग काय, देऊच नये?

द्यायचं. देऊन तिथून निघायचं.
मी अजून तिथंच उभी आहे बघ.

मी विचारलं, वर काही मिळणार नाही का याचं?
मिळेल की, त्यानं शब्द दिलाय.
पण उधारीची वही घेऊन का बसायचं त्याच्या दारात?
भांडं उचलून ती वळली, दोन पावलांवर थांबली.
कधी कधी वाटतं हां,
एक खुर्ची मिळावी. गुडघे फार दुखतात.

दगडात कोरलेलं पुसता येत नाही.
'एक' कोरून झालं होतं.
संगमरवराची भुकटी डिंकात कालवून
ती दोन अक्षरं मी बुजवली, घासली, पुन्हा घासली.
डोळ्यांना दिसत नाही आता.
बोट फिरवलं तर किंचित गार लागतं.

फेस्ताच्या दिवशी उरलेले पैसे घ्यायला गेलो.
बोटं आपापलं नाव शोधत होती, फोटो निघत होते,
कॅप्टन आपल्या ओळीपासून हलत नव्हता.
रुफिना कुठं दिसली नाही.
परतताना इनासच्या घराच्या मागच्या दारी दिसली,
पायाच्या जखमेचं पाणी माडाच्या आळ्यात ओतताना.
हा तोच इनास, बांध सरकवून
ज्यानं तिची हातभर जमीन खाल्ली.
आतून तो तिलाच शिव्या घालत होता, पाणी कढत होतं म्हणून.
तीही परत घालत होती.
मला बघून तिचं तोंड उतरलं,
पोर खाऊ चोरताना सापडावं तसं.

बिलात मी 'दोन अक्षरं माफ' असं ठळक लिहिलं होतं,
खाली रेघही मारली होती.
पाद्रीबाबांनी वाचलं, म्हणाले, देव बरें करूं.
झालं. माझं तिथंच फिटलं,
अठ्ठावीस रुपये, रोख.

आणि आता हे सगळं सांगून बसलो.
तिचं नाव रुफिना नाही.
दिवाडीत विचारत फिरू नका.
बुजवायचं काम मला येतं,
एवढीच जागा उरली होती बुजवायला.