ताण

डबी अंगाशी धरून आणा, गार होऊ देऊ नका,
असं मी फोनवर सांगितलं होतं.
म्हणून हर्षल बेलसरे बेनोड्याहून वरूडपर्यंत
एका हातानं गाडी चालवत आला,
दुसरा हात बनियनच्या आत.

दंड असे की बाहीची शिवण उसवलेली.
मागच्या सीटवरून मोनाली उतरली, तिच्या पिशवीत
चार वर्षांचे तिचे रिपोर्ट, सगळे नॉर्मल,
आणि सासूनं दिलेली कसलीशी मुळी, फडक्यात.

मी काचेवर थेंब ठेवला.
एरवी इथे गुरांच्या बाजारासारखी धांदल असते,
कुणी सरळ, कुणी गोल गोल, कुणी जागीच मान हलवतंय.
आज मैदान झाडलेलं.
फिरकीत घालून तळाचा गाळ पाहिला. तिथेही नाही.
रजिस्टरमध्ये लिहिलं : निरंक.
औषधांचा साठा संपला की लिहितो, तोच शब्द.

डॉ. ढोकेबाईंनी दार लावून घेतलं.
"इंजेक्शनं घेता?"
तो भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याला म्हणाला,
"जिमातल्या पोरानं देल्ली. हप्त्याले एक. दोन वर्सं झाले.
पन मॅडम, ते तं मर्दानीच औषध हाय नं?"

बाईंनी त्याच्याच रिपोर्टाच्या पाठीवर चित्र काढलं.
मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ.
तिच्या वर कुणीतरी दीड-दोन तासांनी टिचकी मारतं,
मग गाठ दोन निरोप सोडते खाली :
एक, रस तयार करा.
दुसरा, रोपं सांभाळणाऱ्यांना, की जागे राहा.
रक्तात रस पुरेसा दिसला की टिचकी मंदावते.
"तुम्ही बाहेरून इतका ओतला
की वरच्याला वाटलं, खाली सगळं भरून वाहतंय.
तो झोपला. निरोप बंद.
आणि रोपांना लागतो तो रस तिथल्या तिथे पाझरणारा,
रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट दाट.
सुईचा तिथे पुरत नाही."

तो चित्राकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

तासाभरात एक शब्द न बोललेली मोनाली म्हणाली,
"आपन डिसेंबरात संत्र्याचं पानी कायले तोडतो?"
त्यानं वर पाहिलं नाही.
"सांगा नं. सारखं पानी देल्लं तं काय होते?"
"पाला येते."
"अन् फूल?"
खोलीत पंखा बंद होता, तरी कागद हलल्यासारखा वाटला.

"ताणच समजा," बाई म्हणाल्या,
"पण झाडाचा महिना-दीड महिन्यात सुटतो.
इथे आधी वरचा जागा व्हायचा, तो कधी होईल सांगता येत नाही.
मग एकेक घडायलाच अडीच महिने.
दंड उतरतील. चिडचिड होईल, झोप येणार नाही.
खात्री मी देत नाही."

फेब्रुवारीत तो आला तेव्हा
शर्टाला फुलांचा वास होता, बाग बहरली होती.
मी लिहिलं : निरंक.
मे महिन्यात मोनाली एकटीच आली, डबी पदरात धरून.
तो बाहेर कडुनिंबाखाली गाडीवर बसून राहिला,
आता कुणाच्याही शर्टासारखा शर्ट घातलेला माणूस.
निरंक.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा.
बाहेर बैलांचे बाशिंग विकणारा ओरडत होता.
मी चौकट सरकवत गेले, सवयीनं, पेन उघडून ठेवून.
विसाव्या की एकविसाव्या चौकटीत
कोपऱ्याला एक.
पुढे जात नव्हता. शेपूट तेवढी थरथरत होती,
जणू कुणी दुरून हाक मारली
आणि याला अजून कळेना कुठून.

"थांब," मी म्हणाले.
दारात उभा हर्षल थांबला.
मी त्याला म्हटलं नव्हतं.

मग पेन उचललं, आणि कधी नव्हे ते
शब्द नीट आठवेना.
'क्वचित' लिहिलं.
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं.